बॅरनच्या अंगणात

भाच्याला सगळं आधीपासून माहीत होतं. टेकडीखालच्या त्या गुहेत मी कंट्रोलर धरून झाडासमोर उभी होते आणि तो मागे पलंगावर मांडी घालून पोहे खात होता. मी त्याला विचारलंसुद्धा, "काय करू रे?" तर घास गिळून म्हणाला, "आत्या, तुला वाटतं ते कर." इतकी वर्षं झाली, पण ते वाक्य आठवलं की अजून डोकं फिरतं.

हे २०२० मधलं. भाचा चार दिवसांसाठी म्हणून पुण्याहून आमच्याकडे दापोलीला आला, तो पीएस फोर बॅगेत घालूनच, आणि लॉकडाउनमध्ये अडकला. माझी जिल्हा परिषदेची शाळा बंद. आईचा दिवस देवघर ते बातम्या एवढ्यात संपायचा. पत्ते झाले, कॅरम झाला, कोवळ्या फणसाची भाजी चारदा झाली. मग एका रात्री मी त्याच्या मागे खुर्ची टाकली आणि ‘द विचर ३: वाइल्ड हंट’ बघत बसले. आठवड्याभरात कंट्रोलर माझ्या हातात होता आणि खुर्चीवर तो. सगळ्यात सोप्या पातळीवर खेळायचे हे कबूल करते. तिचं नावच मुळी ‘फक्त गोष्ट’ अशा अर्थाचं आहे, आणि मला गोष्टच हवी होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. मे २०१५ मध्ये आलेला हा पोलंडचा खेळ. आंद्रेइ सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या कथा-कादंबऱ्यांवरून सीडी प्रॉजेक्ट रेड नावाच्या तिथल्या कंपनीने केलेला. पांढऱ्या केसांचा गेराल्ट पैसे घेऊन भुतंखेतं, राक्षस मारतो आणि हरवलेल्या सिरीला शोधत फिरतो. ती त्याची पोटची मुलगी नव्हे, मानलेली. बाकी जादू, तलवारी, घोडा, राजकारण हे ओघाने आलंच.

मला धरून ठेवलं ते वेलेनने. वेलेन म्हणजे लढायांनी नासलेला दलदलीचा मुलूख. झाडांना लटकलेली प्रेतं, सदैव पाऊस किंवा पावसाची चाहूल, आणि पाण्याच्या कडेला बसलेल्या सडक्या बायका. आमच्या लहानपणी आजी आम्हाला तिन्हीसांजेला विहिरीकडे जाऊ द्यायची नाही. पोफळीच्या बागेत हडळ, पिंपळावर मुंजा, वेशीवर राखणदार. इंग्रजी सिनेमांतली भुतं मला कधी खरी वाटली नाहीत, ही वाटली. वेलेनमधली माणसंही भुताशी आमच्यासारखीच वागतात. भितात, नैवेद्य ठेवतात, आणि वर शेजाऱ्याची चुगलीही त्याच्यापाशी करतात.

या वेलेनमध्ये एक बॅरन आहे. फिलिप स्ट्रेंगर, लोक त्याला ‘ब्लडी बॅरन’ म्हणतात. बॅरन वगैरे काही नाही, सैन्यातून पळालेला माणूस, एक गढी बळकावून बसलेला. सिरी त्याच्याकडे राहून गेली होती, पण ती हकिकत तो एकदम सांगत नाही, हप्त्याहप्त्याने सांगतो. आधी माझी बायको आणि मुलगी शोधून दे म्हणतो. शोधायला लागलं की कळतं, हा दारू पिऊन बायकोला मारायचा. ॲना तिचं नाव. शेवटच्या मारहाणीत तिचं पोटातलं मूल गेलं आणि ती मुलीला, तमाराला घेऊन पळाली.

ते मूल त्याने नाव न ठेवता पुरलं. त्याचं झालं भूत. मग पावसातल्या एका रात्री बॅरन ते वळवळणारं, दात विचकणारं अर्भक स्वतःच्या हातांवर घेऊन अंगणातून चालत जातो. आपण बाजूने चालायचं, अंगावर येणाऱ्या सावल्या मारायच्या, ते बिथरलं की मंत्राने शांत करायचं. शेवटी तो त्याला मुलगी म्हणतो, डिया असं नाव ठेवतो आणि उंबरठ्याखाली पुरतो. त्यानंतर ती घराची राखण करणार. उंबरठ्यावर बसलं म्हणून आजीच्या हातचा धपाटा खाल्लेल्या माणसाला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. मी कंट्रोलर खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच पाणी प्यायले.

आता ते झाड.

दलदलीत तिघी जखिणी राहतात. त्यांच्या झोपडीपाशी पाच-सहा अनाथ पोरं आणि त्यांना सांभाळणारी एक भ्रमिष्ट म्हातारी. सिरीचा पत्ता या तिघींना ठाऊक आहे, पण त्याआधी शेजारच्या गावाचं काम करून या म्हणतात. टेकडीवरच्या झाडात काहीतरी कोंडलंय, ते मारायचं. गुहेत गेलं की ते झाड बोलतं. म्हणतं, त्या तिघी या पोरांना खाणार आहेत, मला सोड, मी पोरांना वाचवीन. सोडवायचं तर हाडं, डोमकावळ्याचं पीस आणि एक काळा रानघोडा आणून विधी करायचा. नाहीतर तिथल्या तिथे मारून टाकायचं.

मी पंचवीस वर्षं पहिली ते चौथीची पोरं सांभाळलेली बाई. मी काय करणार होते? ती झोपडीसमोरची पोरं पकडापकडी खेळतात, एकमेकांच्या खोड्या काढतात, त्यातला एक तर थेट आमच्या वर्गातल्या एकासारखा नाक पुसतो. मी हाडं आणली, पीस आणलं, घोडा धरायला अर्धा तास गेला. भाचा मधे एकदा म्हणाला, "नक्की ना?" मी म्हटलं, "तू गप्प बस."

झाडातलं ते घोडा होऊन उधळलं आणि वाटेवरचं गाव त्याने उद्ध्वस्त केलं. हे जरा खटकलं. पण गावच्या म्होरक्याने ठरल्याप्रमाणे स्वतःचा कान कापून दिला, तो मी जखिणींना नेऊन दिला, सिरीचं कळलं. ती म्हातारी म्हणजेच ॲना, हेही कळलं. नको असलेलं मूल जावं म्हणून ती त्या तिघींकडे गेली होती आणि बदल्यात त्यांची चाकरी पत्करून बसली होती. मी पुढे निघाले. इतर कामं केली. दोन-तीन दिवस तर मी नुसती गावोगाव ग्वेंट नावाचे पत्ते खेळत हिंडले. सिरीच्या जिवावर बेतलंय म्हणून खेळ घाई करत राहतो आणि आपण खानावळीत पत्ते कुटतो, याचं कुणालाच काही वाटत नाही. हा दोष लहान नाही. पण पत्ते इतके छान आहेत की मी बोलणार नाही.

मग बॅरनला घेऊन ॲनाला आणायला दलदलीत गेलो. पोरं खरंच सुटली होती. आणि पोरं हातची गेली म्हणून जखिणींनी ॲनाला पाणवठ्यावरची चेटकी करून टाकलं होतं. शाप उतरवायला बाहुल्यांतली एक निवडायची. मी बरोबर निवडली. ॲना क्षणभर माणसात आली, नवऱ्याशी आणि मुलीशी दोन शब्द बोलली आणि मेली. पुन्हा गढीवर गेले तर बॅरनने अंगणात गळफास घेतलेला.

तारीख लक्षात आहे, २ जून. कारण दुसऱ्या दिवशी निसर्ग वादळ आलं.

त्या रात्री मी भाच्याशी कडाकडा भांडले. मी म्हटलं, ही काय पद्धत झाली? पोरांना वाचवलं तर आईला मारायचं? आणि हे आधी सांगायचं नाही, सुचवायचं नाही, पंधरा तास पुढे नेऊन मग तोंडावर फेकायचं? वर्गात एखाद्या पोराने चूक केली तर मी तिथल्या तिथे सांगते, दिवाळीनंतर सांगत नाही. तो म्हणे, "तेच तर भारी आहे आत्या. लगेच कळलं असतं तर तू परत मागची सेव्ह उघडली असतीस." मी म्हटलं, "उघडली असती! त्यात काय बिघडलं?" आई आतून ओरडली, उद्या वादळ येणार आहे, भांडताय काय, कौलांचं बघा.

३ जूनला दुपारपर्यंत मागची बाग आडवी झाली. आमच्या सत्तर पोफळींतल्या अकरा उभ्या राहिल्या. केळशी, आंजर्ले, मुरूड, सगळीकडे तेच. लाईट गेली ती आमच्या वाडीत तेवीस दिवसांनी आली. दिवसभर ताडपत्री, पत्रे, पंचनामे आणि कोयत्याने झावळ्या तोडणं. आणि सांगायला लाज वाटते, पण रात्री मेणबत्ती विझवल्यावर माझ्या डोक्यात बागेच्या आधी बॅरन यायचा. टीव्ही बंद, खेळ बंद, आणि तो तिथे लटकलेला. मी मनातल्या मनात झाडाशी वाद घालायचे. झाडातली ती त्या तिघींची आईच असावी, असा तर्क खेळातल्या एका पोथीवरून काढता येतो, असं भाच्याने अंधारात सांगितलं. म्हटलं, आता सांगतोस?

बॅरनबद्दल मला हळहळ का वाटावी, हाही प्रश्न होता. बायकोला मारणारे नवरे मी शाळेत पुष्कळ पाहिलेत. पालकसभेला येतात, गोड बोलतात, रडतातसुद्धा. त्यांच्या बायका सभेला येत नाहीत. असल्या माणसाला रडताना दाखवून लेखकांनी आपल्याला फितवलं, असं माझं ठाम मत त्या तेवीस दिवसांत झालं. ॲनाच्या वाट्याला खेळभर किती वाक्यं आली? मोजून बघा. सगळी हकिकत तो सांगतो, दुःख त्याचं, पश्चात्ताप त्याचा, शेवटचं दृश्यही त्याचं.

हा राग मनात असला की बाकीचे दोषही दिसायला लागतात. गेराल्ट राक्षसांच्या राण्या मारतो आणि पडवीच्या उंचीवरून उडी मारली की मरतो. घोड्याला शीळ घालावी तर तो कुंपणात अडकलेला, एकदा तर चक्क छपरावर उभा. प्रत्येक तपास एकाच छापाचा, बटण दाबा, लाल पाऊलखुणा दिसतील, त्यांच्यामागे चाला. दहाव्यांदा तर मला आमच्या केंद्रप्रमुखांचे तक्ते आठवले. स्केलिगे बेटांच्या समुद्रात प्रश्नचिन्हं पेरून ठेवलीत, होडीने जायचं आणि तीच ती पिंपं काढायची. अक्षरं इतकी बारीक की मी टीव्हीपासून हातभर अंतरावर पाट टाकून बसायचे. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, गेराल्ट कुठल्याही गरिबाच्या झोपडीत शिरून फडताळं रिकामी करतो, घरची बाई समोर उभी असते आणि कुणी "अरे, ठेव ते" म्हणत नाही. पहारेकऱ्यांनी पाहिलं तरच काय ती गडबड. जो खेळ माझ्याकडून एका झाडाचा एवढा हिशेब मागतो, त्याला ही रोजची चोरी दिसत नाही?

याच खेळाला २०१५ च्या गेम अवॉर्ड्समध्ये वर्षाचा सर्वोत्तम खेळ म्हणून निवडलं आणि त्याच्या ५ कोटींहून जास्त प्रती खपल्या. सापकोव्स्कींनी मात्र हक्क एकरकमी विकलेले. खेळ चालणार नाही असं त्यांना वाटलं होतं. २०१८ मध्ये त्यांनी ६ कोटी झ्लॉटी मागितले, पुढच्या वर्षी नवा करार झाला. लिहिणाऱ्यांनी एकरकमी काही घेऊ नये, टक्के मागावेत, एवढं यातून सांगून ठेवते.

लाईट आली तेव्हा भाचा हळूच म्हणाला, "आत्या, झाडाच्या आधीची एक सेव्ह मी ठेवलीय. तू चहा करायला गेली होतीस तेव्हा." म्हणजे तेवीस दिवस हा गप्प होता! मी त्याच्याशी जेवणापर्यंत बोलले नाही. जेवल्यावर ती सेव्ह उघडली.

या वेळी झाडाला मारलं. परत आले तर झोपडीसमोर कुणी नाही. पकडापकडी नाही, नाक पुसणारा नाही. खेळ तुम्हाला काही दाखवतही नाही, नुसतं अंगण रिकामं असतं. ॲना जिवंत राहिली, पण ठिकाणावर नाही. बॅरन म्हणाला, हिला निळ्या डोंगरांत एका साधूकडे नेतो, बरी करतो. आणि गेला तिला घेऊन.

मला बरं वाटलं. तेवीस दिवस ज्याला शिव्या घातल्या तो माणूस बायकोला घेऊन चालला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पोरं गेलेली असताना. भाचा माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "बंद कर ते." तो म्हणाला, "आता कुठली ठेवू?"

पुढचा सगळा खेळ मी पहिल्या सेव्हवरूनच पुरा केला. बॅरनच्या जागी त्याचा हवालदार आला आणि गढीवरचे शिपाई आणखी माजले. तरी तिथे जावंच लागतं, कारण वेलेनमध्ये चांगलं चिलखत त्या गढीवरच मिळतं. मी घोडा बाहेर ठेवते, उजवीकडून लोहाराकडे जाते आणि काम झालं की त्याच वाटेने परत येते.