पलंग ते गॅलरी

डोंबिवलीत मानपाडा रोडला आमची जुनी बिल्डिंग आहे. तिसरा मजला, ४८ पायऱ्या, लिफ्ट नाही. या चार वर्षांत आजीचं जग कसं आक्रसत गेलं ते मी बघतोय. आधी फडके रोडजवळचं गणपतीचं देऊळ सुटलं. मग चार रस्त्यावरची भाजी, मग खालच्या कट्ट्यावरच्या गप्पा. गेल्या पावसाळ्यात ती बाथरूमच्या दारात पडली. हाड मोडलं नाही, पण भीती बसली. उरलं फक्त पलंग ते गॅलरी.

"वय झालं आता," येणारा-जाणारा म्हणायचा. फिजिओथेरपिस्ट ताईंनी मात्र मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. आजीला २६ लागले, त्यातले निम्मे नुसतं उठण्यात. गुडघा दुखत होताच, पण मांडीतला जोरही गेला होता.

जोर जातो किती लवकर? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात धडधाकट वृद्धांना १० दिवस अंथरुणात ठेवलं होतं. तेवढ्यात पायांतले जवळपास १ किलो स्नायू घटले. आणि आपल्याकडे तर प्रेम म्हणजेच 'तुम्ही बसा, मी आणते'. दुखतं म्हणून चालायचं नाही, चालत नाही म्हणून स्नायू जातात, स्नायू गेले की गुडघा आणखी दुखतो. आम्हा कोडिंगवाल्यांच्या भाषेत, इन्फिनिट लूप.

तो तोडायचे उपाय साधेच निघाले. पाण्याचा तांब्या स्वयंपाकघरातच ठेवला. सरकणारी पायपुसणी उचलली, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला. डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या तपासून चक्कर आणणारी एक बदलली. खुर्चीवर उशी टाकून उंची वाढवली आणि दिवसातून तीनदा उठाबशा सुरू झाल्या, हात न टेकता. जिन्याचा नियम पाठ झाला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा.

"मला परत शाळेत घातलंय का रे?" आजी चिडायची. तीन महिन्यांनी १७ सेकंद लागले, तेव्हा तिनेच शेजारच्या काकूंना सांगितलं.

जिन्यात मात्र वेगळंच भांडण. दुसऱ्या मजल्यावर टेकायला खुर्ची हवी होती. "वाट अडते," सोसायटीच्या मीटिंगमध्ये विरोध झाला. शेवटी भिंतीला मिटणारी फळी बसवली. आता तिच्यावर कुरियरवालाही टेकतो आणि विरोध करणारे काकाही.

आजी रोज गेटपर्यंत जाते. पुढे फूटपाथवर स्कूटर लावलेल्या असतात आणि रस्ता ओलांडायला रिक्षा थांबत नाहीत. मांडीत कितीही जोर आला तरी तो इथे पुरत नाही. म्हणून रविवारी सकाळी, गर्दी व्हायच्या आत, मी सोबत असतो. सध्याचं टार्गेट चार रस्ता. अ‍ॅपवरून येणारी गवार जून असते, असं तिचं ठाम मत आहे.