रात्री उठावं लागतं का?

वारजे-माळवाडीतल्या दवाखान्यात बायका येतात त्या बहुतेक थकव्याची तक्रार घेऊन. जिना चढताना धाप लागते, पिंढऱ्या दुखतात, केस गळतात. एखादी सरळ 'ताकदीचं इंजेक्शन' मागते. पाळीबद्दल आपणहून कुणी बोलत नाही. आईचं असंच जायचं, बहिणीचंही जातं. मग त्यात डॉक्टरला काय सांगायचं?

'पाळी नीट येते का?' या प्रश्नाला 'हो मॅडम' एवढंच उत्तर मिळतं. म्हणून मी विचारते, रात्री पॅड बदलायला उठावं लागतं का? गाठी पडतात का, केवढ्या? त्या दिवसांत कामाला दांडी होते का? नवरा किंवा सासू सोबत असेल तर त्यांना आधी बाहेर बसवते. तेवढ्यानेही उत्तरं बदलतात.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची पाहणी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडली. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग होते आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम आठ. वारज्यात हाकेच्या अंतरावर दवाखाने आहेत, सोनोग्राफी आहे. तरी अंगावर काढणं तसंच चालू आहे, याचा मला त्रास होतो.

हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायका या रेषेखाली होत्या. सात हिमोग्लोबिन असलेली बाई सोसायटीतल्या चार घरची धुणीभांडी उरकून माझ्यासमोर बसते. रक्त हळूहळू उतरलं की शरीर त्यालाही सरावतं.

लोहाच्या गोळ्या लिहून देणं सोपं. संडास काळी झाली, मळमळलं, की आठवड्यात त्या फळीवर जातात. म्हणून आधीच सांगते: काळी होणारच, गोळी चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घ्या, आकडा सुधारला तरी पुढे तीन महिने चालू ठेवा. पण रक्त का जातंय ते शोधलं नाही, तर या गोळ्या वाहून जातात. गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ आहे का, थायरॉइड कमी पडतंय का, तांबी बसवली आहे का, चाळिशीनंतर अस्तर जाड झालंय का, हे पाहावंच लागतं.

'मॅडम, पिशवीच काढून टाका ना,' असं तिशीतली बाई म्हणते तेव्हा मी घाई करत नाही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या काढलेल्या गर्भाशयांची चर्चा २०१९ मध्ये राज्यभर झाली. बहुतेकींना रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या किंवा हार्मोनची तांबी पुरते, आणि हे त्यांना कुणीतरी बसून समजावायला हवं.

नातीला दाखवायला आलेल्या आजीलाही मी विचारते, 'आजी, पाळी गेल्यावर पुन्हा कधी लाल दिसलं का?' पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक डाग पडला तरी सोनोग्राफी करायची, गरज पडली तर अस्तराचा तुकडाही तपासायचा. कॅन्सर नाही याची खात्री होईपर्यंत 'उष्णतेने झालं असेल' हे मी ऐकून घेत नाही.