जाळीची वीण : समाक्ष केबलचा इतिहास

१/ इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला आणि पुढे हे गाव ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हणून ओळखले जाऊ लागले. वीण म्हणजे काय, हे या शहराला समजावून सांगावे लागत नाही. मात्र येथल्याच गच्च्यांवरून गेलेल्या काळ्या टीव्ही केबलच्या पोटातही एक वीण असते. तिच्याकडे क्वचितच कोणी पाहिले असेल. हा धागा तिच्याविषयी.

२/ केबल आडवी कापली की चार थर दिसतात. मधोमध एकच तार, तिच्याभोवती पांढरे प्लास्टिक, त्यावर धातूची फॉईल आणि बारीक तारांची विणलेली जाळी, सर्वांत बाहेर काळे वेष्टण. तार आणि जाळी यांचा अक्ष एकच असतो. म्हणून ही ‘कोॲक्सिअल’, अर्थात समाक्ष केबल.

३/ संदेश मधल्या तारेतून जातो आणि जाळी केवळ कवच असते, हा समज अपुरा आहे. तारेतून जितका प्रवाह पुढे जातो, तितकाच जाळीच्या आतल्या अंगाने परततो. संदेशाची लहर या दोहोंमधल्या जागेतून प्रवास करते. मोटारीच्या स्विचमधील ठिणगीसारखा बाहेरचा विद्युत गोंगाट जाळीच्या बाहेरच्या अंगालाच अडतो. जाळी एकाच वेळी वाटही असते आणि भिंतही.

४/ ही कल्पना दूरचित्रवाणीच्या कितीतरी आधीची. इंग्लंडमधील ऑलिव्हर हेविसाइड हा एकेकाळचा तारयंत्र कर्मचारी. कानाने अधू असलेल्या या माणसाने १८७४ मध्ये नोकरी सोडली आणि घरी बसून विद्युतशास्त्राचा अभ्यास केला. शेजारून जाणाऱ्या दोन तारांचे संदेश एकमेकांत मिसळत. त्यावर उपाय म्हणून त्याने १८८० मध्ये एका वाहकाला दुसऱ्याच्या पोटात ठेवण्याचे पेटंट घेतले.

५/ तिचे आधुनिक रूप अमेरिकेत घडले. लॉइड एस्पेनशिड आणि हर्मन ॲफेल यांना १९३१ मध्ये पेटंट मिळाले. १९३६ मध्ये न्यूयॉर्क ते फिलाडेल्फिया प्रायोगिक केबल टाकली गेली. त्याच वर्षी जर्मनीत बर्लिन आणि लाइपझिग यांच्यात समाक्ष केबलवरून चित्रसंभाषण सुरू झाले. १९५६ मध्ये अटलांटिकच्या तळाशी पसरलेली पहिली दूरध्वनी केबलही याच जातीची होती.

६/ या केबलचा प्राण प्रमाणात आहे. मध्ये केवळ हवा असेल, तर जाळीचा आतला व्यास तारेच्या सुमारे साडेतीन पट ठेवल्यावर ७५ ओहम हा गुणधर्म मिळतो. टीव्हीची केबल ७५ ओहमचीच असते. प्लास्टिक भरले की प्रमाण बदलते. सांध्यावर हे प्रमाण मोडले, तर संदेशाचा काही भाग मागे परावर्तित होतो. जुन्या टीव्हीवर चित्राशेजारी दिसणारी फिकट सावली अनेकदा अशा परावर्तनातूनच येई.

७/ म्हणून कनेक्टर ही किरकोळ वस्तू नव्हे. प्रयोगशाळांत दिसणाऱ्या, फिरवून अडकवायच्या बीएनसी कनेक्टरच्या नावात पॉल नील आणि कार्ल कॉन्सेलमन यांची आद्याक्षरे आहेत. घरोघरी पोहोचला तो मात्र एफ कनेक्टर. जेरॉल्ड इलेक्ट्रॉनिक्समधील एरिक विन्स्टन याने तो १९५०च्या दशकात घडवला. त्याची युक्ती साधी होती : वेगळी पिन नकोच, केबलची मधली तार हीच पिन. त्यामुळे तो स्वस्त झाला.

८/ भारतात १९९१चे आखाती युद्ध उपग्रह वाहिन्यांवर दिसले, १९९२ मध्ये झी टीव्ही आला आणि गल्लोगल्ली केबलवाले उभे राहिले. त्यांच्यासाठीचा कायदा आला तो १९९५ मध्ये. तोवर जाळ्यांचा विस्तार झालाही होता. चाकूने वेष्टण सोलायचे, जाळी मागे दुमडायची, कनेक्टर दाबून बसवायचा, हे काम हातांनीच हातांना शिकवले. जाळीचा केसाएवढा एक तंतू मधल्या तारेला टेकला, तरी त्या घरातले चित्र जाई आणि पडद्यावर मुंग्या येत. एका तुटक्या धाग्याने अख्ख्या ताक्याला दोष लागतो, हे जाणणाऱ्या गावाला हा न्याय परका नव्हता.

९/ आज संदेश डिजिटल झाला आहे आणि तांब्याची जागा काचेचा तंतू घेत आहे. जुन्या केबल उतरतील, भंगारात जातील. हेविसाइडचे पेटंट जपले जाईल. गच्चीवर, उन्हापावसात एकेक सांधा बसवणाऱ्या हातांची नोंद मात्र कुठल्याच दफ्तरात नाही. यंत्रमागाच्या पहिल्या कारागिरांपैकी बहुतेकांच्या बाबतीतही असेच घडले. घरात असा एखादा तुकडा उरला असेल, तर टाकण्यापूर्वी त्याचे टोक सोलून पाहावे. ती दुमडलेली जाळी हाच त्या कामाचा पुरावा आहे.

९/९