नजर, नुक्ता आणि रोजा

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. बे, पे, ते या अक्षरांत सारा फरक नुक्त्यांचा. वरचा नुक्ता खाली आला की 'खुदा'चे 'जुदा' होते. अशा लिपीवर ज्याचे पोट, त्याचा हात थरथरू लागला तर फळ्यावर ते लपत नाही. आमचे तसे झाले.

मनाच्या चढउतारांच्या आजारावर, म्हणजे बायपोलरवर, आम्ही लिथियम घेतो. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादावरील त्याचा उपयोग जगापुढे मांडला. औषध जुने आणि गुणकारी, पण फार मोजून घ्यावे लागते. कमी पडले तर आजार उसळतो, जास्त झाले तर मेंदूला आणि नसांना बाधते. म्हणून शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त तपासतात. लिटरमागे साधारण ०.६ ते १.० मिलिमोल एवढे प्रमाण राखतात.

हाताला बारीक कंप पुष्कळांना येतो. डॉक्टर डोस बदलून तो आवरू शकतात. पण कंप जोराचा झाला, जीभ अडखळली, तोल गेला, अंधुक दिसू लागले, उलट्या-जुलाब सुरू झाले, तर ताबडतोब दवाखाना गाठावा. ही विषबाधेची लक्षणे असतात.

मोहल्ल्यात मात्र कुणी म्हणते नजर लागली, कुणी म्हणते आसेब आहे. अम्मीच्या मायेपोटी आमच्याही गळ्यात तावीज आला. दुआ जरूर करावी. पण रक्तातले लिथियम प्रयोगशाळेतच मोजले जाते.

रमजानात तर जास्तच जपावे लागते. लिथियम मूत्रपिंडातून बाहेर पडते. अंगातले पाणी आणि मीठ कमी झाले की मूत्रपिंड ते धरून ठेवते, आणि रक्तातले प्रमाण वाढते. उन्हाळ्यातले लांब रोजे, घाम, जुलाब, अंगदुखीवर आपणच घेतलेली आयब्युप्रोफेनची गोळी, या सगळ्यांनी हेच होऊ शकते. म्हणून रमजानपूर्वीच डॉक्टरांना विचारावे. आपल्या मनाने गोळी बंद करणेही तितकेच घातक, आजार उलटतो.

कुरआनाने आजाऱ्याला रोजाची सवलत दिली आहे. मधुमेहाच्या रोग्याने ती घेतली तर कुणी बोलत नाही. मनाच्या आजाऱ्याने घेतली की बिरादरी भुवया उंचावते. का बरे?

गेल्या रमजानात आम्ही रोजे ठेवले नाहीत. अम्मी दुपारी आमचे ताट वाढी, आणि घराचे दार उघडेच ठेवी.