झांजेविना ठेका

नोंदींचा कागद. मिनीमूग सिंथला स्मृती नव्हती. आज जमलेला आवाज उद्या हवा असेल, तर कोणता नॉब कुठे होता हे लिहून ठेवायचं. कागद हरवला की आवाज गेला. दुसऱ्या बँडचा आवाज हवा असेल, तर तबकडी ऐकत नॉब फिरवत बसायचं. नेमका तो सापडत नसे, शेजारचा सापडे. ऐंशीच्या दशकातल्या न्यू वेव्ह बँडांचं बरंचसं वेगळेपण अशा हुकलेल्या नकलेतून आलं, असं मला वाटतं. अशा यंत्रांतून आलेल्या आणि आता नाहीशा होत चाललेल्या साम्यांची ही यादी.

कुणीतरी मागे ठेवलेला सिंथ. १९७८. गॅरी न्यूमन पंक अल्बम करायला स्टुडिओत गेला, तिथे आधीच्या कुणाचा तरी मिनीमूग होता. त्याने पट्टी दाबली आणि अल्बमचा रोख बदलला. पुढच्याच वर्षी त्याचं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर. लॅपटॉपमधलं वाद्य असं अवचित हाती लागत नाही.

एका वेळी एकच सूर. डिपेश मोडच्या १९८१ च्या पहिल्या अल्बममागे अशीच साधी यंत्रं आहेत. म्हणून त्यात भरगच्च कॉर्ड कमी, एकमेकींना वाट देणाऱ्या बारीक सुरावटी जास्त. बहुतेक गाणी विन्स क्लार्कची. तो पुढे याझूत गेला, मग इरेझरमध्ये. तिन्ही बँडांत जो सारखेपणा ऐकू येतो, तो त्याच्या हाताचा आहे.

यंत्रातला कोरस. याच्यापाशी मी सगळ्यात जास्त रेंगाळतो. १९७५ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या क्राफ्टवर्कने 'रेडिओ-अ‍ॅक्टिव्हिटी' काढला. त्यात माणसांचा वाटणारा, पण यंत्रातून आलेला कोरस आहे. त्याच वर्षी लिव्हरपूलमध्ये त्यांचा कार्यक्रम ऐकायला अँडी मॅक्लस्की होता. त्याच्या ओएमडी या बँडने १९८१ च्या अल्बममध्ये मेलोट्रॉनचा कोरस वापरला: प्रत्येक पट्टीखाली टेपचा तुकडा, जेमतेम आठ सेकंदांचा. बोट दाबून धरलं तरी टेप संपली की गाणारे गप्प. न्यू ऑर्डरने १९८३ च्या 'ब्लू मंडे'त तर क्राफ्टवर्कचाच कोरस उचलला. हे दोन बँड कानाला मावसभाऊ वाटतात, ते या आजोळामुळे.

झांजेविना ठेका. रॉजर लिनचं एलएम-१, १९८०. खऱ्या ड्रमचे आवाज साठवणारं पहिलं ड्रम मशीन. सुमारे ५०० बनली. मोठी झांज त्यात नव्हतीच, कारण तिचा लांबणारा आवाज साठवायला लागणाऱ्या चिप महाग होत्या. शेफील्डच्या ह्यूमन लीगचा 'डेअर' आणि मिनिआपोलिसच्या प्रिन्सचा '१९९९' लागोपाठ ऐका. ठेक्याची कातडी एकच.

१९८२, मुंबई. चरणजित सिंग यांनी रोलँडच्या सिंथवर राग वाजवले, खाली डिस्कोचा ठेका. त्यांचा ज्युपिटर-८ त्याच वर्षीच्या डुरान डुरानच्या 'रिओ'वरही आहे. इथे प्रभावाचा धागा शोधू नये. यंत्र एक, इतकंच.

रेकॉर्ड लावून घेतलेली शिकवणी. डुरान डुरानचा जॉन टेलर बास शिकला तो शीक या बँडच्या बर्नार्ड एडवर्ड्सना ऐकून. १९८५ मध्ये टेलरच्या पॉवर स्टेशन या बँडचे निर्माते एडवर्ड्सच होते.

१९८३ चा यामाहा डीएक्स-७. क्रमांक दाबला की तयार आवाज हजर. तो बदलण्याची रीत किचकट, म्हणून बहुतेकांनी तयारच वापरला. दशकाच्या उत्तरार्धातला तो इलेक्ट्रिक पियानो कुणीही ओळखेल. ते साम्य मी या यादीत धरत नाही. ते नाहीसं होत नाहीये.