पाहायच्या जागांची वही



सुट्टी जवळ आली की प्रत्येक घरात एकच प्रश्न असतो, "यंदा कुठं जायचं?" मग मोबाईल बाहेर निघतो, पन्नास फोटो बघून होतात आणि शेवटी सगळे जातात तिथंच आपणही जातो. खरं तर वर्षभरात कितीतरी जागांची नावं आपल्या कानावर पडतात. कधी स्टाफरूममध्ये, कधी बातमीत, कधी मुलांच्या धड्यात. "एकदा जायला पाहिजे बरं का!" एवढं म्हणून आपण ते तिथंच सोडून देतो. मोबाईलच्या नकाशावर खूण केली तरी सहा महिन्यांनी ती खूण का केली होती तेच आठवत नाही.

म्हणून आमच्या घरी एक साधी दोनशे पानी वही आहे. तिच्यात आम्ही पाहायच्या जागा लिहितो. गेल्या काही वर्षांत या वहीने आम्हाला जे दिलं, ते इथे सांगावंसं वाटतं.

पहिली गोष्ट म्हणजे वहीची पानं जिल्ह्यांची नाहीत, रस्त्यांची आहेत. आपण लग्नाला, देवदर्शनाला, नातेवाईकांकडे ठरलेल्या रस्त्यांनीच जातो. त्या रस्त्यावर काय आहे ते लिहून ठेवलं, तर वेगळी सहल काढावी लागत नाही. आमचं पुणे-नाशिक रस्त्याचं पान बघा. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महादुर्बीण आहे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत तिच्या! 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे विज्ञान प्रदर्शन भरतं. जुन्नरकडे वळलं की शिवनेरी आणि लेण्याद्री. पुढे सिन्नरला गोंदेश्वराचं देऊळ. मधे मोठं मंदिर आणि चार कोपऱ्यांना चार छोटी, म्हणजे पंचायतन. आता बऱ्याच गावांना बाह्यवळण झालं आहे. गाडी गावाबाहेरून निघून जाते, गाव दिसतच नाही. लिहिलेलं नसेल तर असं देऊळ मागे पडलं हेही कळत नाही.

प्रत्येक जागेपुढे चार रकाने आहेत : जागेचं नाव, वळायचं कुठून, कधी जायचं आणि का जायचं.

'कधी' हा रकाना फार महत्त्वाचा. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. कास पठारावरची फुलं साधारण सप्टेंबरात बघावीत, मे महिन्यात तिथे फक्त कातळ भेटतो. भिगवणचे रोहित पक्षी हिवाळ्यात दिसतात, तर भंडारदऱ्याचे काजवे पावसाच्या तोंडावर, मे अखेर ते जून. या एका रकान्यातून मुलांना ऋतू, स्थलांतर, खडक असं बरंच काही न शिकवता कळतं.

आणि 'का' हा रकाना? त्याची किंमत मला वर्गात कळली.

आमची शाळा जुन्नर तालुक्यातली. चौथीच्या वर्गाला मी एकदा हीच वही करायला दिली. "तुम्हाला बघायची आहे अशी एक जागा लिहा, आणि का ते लिहा." बहुतेकांनी मुंबई, रायगड, वॉटर पार्क लिहिलं. चौथीला 'शिवछत्रपती' पुस्तक असतं, त्यामुळे रायगड येणारच. एका मुलीने मात्र लिहिलं, "वाशी मार्केट." का? "पप्पा रोज रात्री तिथे असतात."

तिचे वडील पिकअपमधून भाजीपाला नेतात. संध्याकाळी माल भरायचा, आळेफाट्याहून माळशेज घाट उतरायचा आणि पहाटेच्या आत वाशीला पोहोचायचं. ती झोपलेली असताना ते रस्त्यावर, आणि ती शाळेत असताना ते झोपलेले. पालकसभेला तिची आई आली तेव्हा मी वही दाखवली. त्या हसल्या. "मॅडम, तिथं काय बघायचं? नुसता चिखल आन् गोण्या!" पण वही त्यांनी घरी मागून नेली.

मे महिन्यात वडील तिला घेऊन गेले. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ती पाचवीत गेली होती, तरी मुद्दाम माझ्या वर्गात आली. घाटात धुकं किती होतं, बोगद्यात हॉर्नचा आवाज कसा घुमतो, टोमॅटोचे क्रेट मोजताना माणसं किती भराभर बोलतात, सगळं तिने सांगितलं. शेवटी म्हणाली, "मॅडम, पप्पांना झोप येऊ नये म्हणून मी पूर्ण रस्ता बोलत होते."

त्या दिवशी मी नव्या चौथीला नाणेघाट शिकवला. जुन्नरहून कोकणात उतरणारी ही सातवाहन काळातली वाट. तिथल्या लेण्यात ब्राह्मी लिपीतला मोठा शिलालेख आहे. वर दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असं लोक सांगतात. घाटावरचा माल तेव्हा या वाटेने कल्याणच्या बंदराकडे जायचा. आज तोच प्रवास शेजारच्या माळशेजमधून होतो. "म्हणजे दीदीचे पप्पा व्यापारी तांड्यातले!" एक मुलगा म्हणाला. मला वेगळं काही समजवावं लागलं नाही.

पालकांना आणि शिक्षकांना सुचवावंसं वाटतं :

1. वही मुलांच्या हातात द्या. प्रवासात मागच्या सीटवर बसून नोंद करायचं काम त्यांचं.
2. किलोमीटरचे दगड वाचायला लावा. पिवळा माथा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य महामार्गाचा.
3. पाहून झालेली जागा खोडू नका. तारीख घाला आणि एक वाक्य लिहा.
4. गाडी नसली तरी चालेल. एसटीच्या रस्त्याचंही पान होतं.
5. मुलाने लिहिलेल्या जागेला हसू नका. आधी 'का' वाचा.

आपल्याला वाटतं, मुलांना जग दाखवायचं म्हणजे खूप लांब न्यायचं. कधी कधी त्यांना फक्त बाबांचा रस्ता बघायचा असतो. तो आपल्याला कळावा म्हणून तरी एक वही घरात असू द्या.