आधी खोली, मग प्रोसेसर

माझ्या दुकानात गेमिंगचा कॉम्प्युटर घेऊन कुणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'यात कुठला प्रोसेसर बसेल?' मी उलट विचारतो, कॉम्प्युटर कुठल्या खोलीत असतो? गच्चीवर, पत्र्याखाली? खिडकी पश्चिमेला आहे का? लोकांना हे अवांतर वाटतं, पण पुण्यात कॉम्प्युटर बांधायचा तर विचार तिथूनच सुरू करावा लागतो.

कूलर कितीही महागाचा आणा, तो उष्णता नाहीशी करत नाही. प्रोसेसरमधून उचलतो आणि खोलीत सोडतो. त्यामुळे प्रोसेसर खोलीच्या तापमानापेक्षा अमुक अंश वर राहतो आणि खोली तापली की तोही तापतो. डिसेंबरात खोली २० अंशांवर असताना जो गेममध्ये ६८ दाखवतो, तोच एप्रिलच्या दुपारी खोली ३८ वर गेली की ८६ च्या आसपास दाखवणार. कूलर तोच, पेस्टही तीच. शिवाजीनगरला २८ एप्रिल २०१९ रोजी ४३ अंशांची नोंद झाली होती. कूलर निवडताना माझ्या डोळ्यांपुढे तो दिवस असतो. पाण्याच्या कूलरनेही या हिशेबातून सुटका नाही, कारण त्याचा रेडिएटर शेवटी खोलीतल्याच हवेवर थंड होतो.

कर्वेनगरमधल्या एका विद्यार्थ्याचं उदाहरण सांगतो. त्याच्याकडे बी४५० मदरबोर्डवर रायझन ५ २६०० आणि सोबत आरटीएक्स ३०६० कार्ड होतं. व्हॅलोरंटमध्ये ऐन चकमकीत फ्रेम अडखळायच्या. त्याने नवा बोर्ड, डीडीआर५ रॅम, नवा प्रोसेसर आणि ३६० मिलीमीटरचा वॉटर कूलर अशी यादीच करून आणली होती. 'काका, यातलं काय कमी करू?' म्हणाला. मी म्हटलं, 'आधी दुखणं कुठे आहे ते बघू.'

गेमचं रिझोल्यूशन खाली आणलं. ग्राफिक्स कार्ड थकत असेल तर अशा वेळी फ्रेम वाढायला हव्यात. त्या जवळपास तेवढ्याच राहिल्या आणि कार्डावरचा भार उतरला. म्हणजे अडत होतं ते प्रोसेसरपाशी. मग बायोस उघडलं, तर ३२०० ची रॅम २४०० वर चालत होती. रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी एक्सएमपी ही सेटिंग चालू केली आणि एक रुपयाही न घालता थोडा फरक पडला. ही दोन्ही कामं खरेदीच्या आधी प्रत्येकाने करावीत असं मला कळकळीने वाटतं.

बोर्ड बदलायची गरजच नव्हती. त्याच्या बोर्डावरच्या एएम४ सॉकेटवर पहिले रायझन २०१७ मध्ये आले आणि त्याच सॉकेटसाठी एएमडीने जानेवारी २०२४ मध्ये ५७००एक्स३डी आणला. एका सॉकेटला एवढं आयुष्य मिळालेलं मी फारसं पाहिलेलं नाही. स्वस्तातला पर्याय होता ५६०० : सहा कोअर, ३२ एमबी एल३ कॅश, ६५ वॉट. दुसरा हा ५७००एक्स३डी : आठ कोअर, ९६ एमबी कॅश, १०५ वॉट. गेमला लागणारी माहिती या मोठ्या कॅशमध्ये मावली की प्रोसेसरला दर वेळी रॅमकडे धावावं लागत नाही, आणि अडखळणं बहुतेक तिथेच कमी होतं. मात्र वरच्या थरात कॅश रचलेली असल्यामुळे उष्णतेची वाट थोडी अवघड होते. त्याची तापमानाची मर्यादाही ९० अंशांची आहे.

खोक्यावरच्या वॉटच्या आकड्यावर विसंबू नये. एएम४ वरचा ६५ वॉटचा प्रोसेसर ८८ वॉटपर्यंत आणि १०५ चा १४२ पर्यंत वीज ओढू शकतो. इंटेलचा आय९-१३९००के तर २५३ वॉटपर्यंत जातो. एवढी उष्णता बारा बाय दहाच्या खोलीत मे महिन्यात ओतायची का, याचा विचार खरेदीआधी व्हायला हवा. सुदैवाने गेममध्ये ५७००एक्स३डी आपल्या वॉटच्या मर्यादेच्या बराच खाली राहतो.

म्हणून तोच घेतला आणि कूलर साधा निवडला : १२० मिलीमीटरचा पंखा आणि चार हीट पाइप. या तांब्याच्या नळीतली हवा काढून आत थोडंसं पाणी कोंडलेलं असतं. प्रोसेसरच्या बाजूला त्याची वाफ होते, ती कूलरच्या पातळ पत्र्यांच्या बाजूला जाऊन निवते, तिचं पुन्हा पाणी होतं आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून ते परत खाली येतं. ना पंप, ना गळायची भीती. मला ही रचना फार सुंदर वाटते. पाषाणला आयसरमधल्या परम ब्रह्म या महासंगणकात पाणी थेट प्रोसेसरपर्यंत नेलं आहे. तिथे शेकडो प्रोसेसर गच्च रचून दिवसरात्र राबवायचे असतात, तिथे ते हवंच. संध्याकाळच्या दोन तासांच्या खेळाला नको. कूलरची उंची कॅबिनेटमध्ये मावते का, तेवढं मात्र मोजून घ्यावं. १५५ मिलीमीटरचा कूलर आणला आणि काच लागेना, असं सर्रास होतं.

जुना प्रोसेसर काढण्याआधी बायोस अपडेट केलं, कारण जुन्या बायोसवर हा बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखत नाही. मग कूलरच्या तळाची प्लॅस्टिकची पारदर्शक फिल्म काढली, मधोमध वाटाण्याएवढी पेस्ट ठेवली आणि स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले, म्हणजे दाब सगळीकडे सारखा बसतो.

तरी त्याच्या घरी तापमान दुकानातल्यापेक्षा बरंच वर दिसायला लागलं, म्हणून मी जाऊन पाहिलं. सुताराने टेबलाला कॅबिनेटसाठी छान कप्पा केला होता : तीन बाजू बंद, पुढे दार, मागे वायरपुरतं भोक. मागच्या पंख्याने फेकलेली गरम हवा फिरून पुढच्या पंख्यातून आत येत होती. कॅबिनेट बाहेर काढून टेबलाशेजारी, जमिनीपासून वीतभर उंच स्टुलावर ठेवलं, मागे भिंतीपासून मोकळी जागा सोडली, आणि तोच गेम अर्धा तास चालवून पाहिला. आकडा सात अंशांनी उतरला. त्याच्या आईने कप्प्यात काय ठेवायचं ते लगेच ठरवून टाकलं, आणि वॉटर कूलरच्या वाचलेल्या पैशांतून त्याने त्याच आठवड्यात एक टीबीची एसएसडी घेतली.